सोनेरी गोळ्याचं इवलंसं बी

पानफुटीचं एक पान तोडा आणि ओल्या मातीवर नुसतं ठेवून द्या. पुरायचीसुद्धा गरज नाही. थोड्या दिवसांनी पानाच्या कडेच्या खाचांमधून इवली इवली रोपं डोकावायला लागतात, खाली पांढरी मुळं सोडतात, आणि बघता बघता एका पानाची पाच-सहा झाडं होतात. नवीन झाड तयार करणं म्हणजे पानफुटीच्या डाव्या हातचा मळ!

आता याच्या अगदी उलट स्वभावाच्या झाडाला भेटू. नर्सरीत कॅक्टसच्या रांगेत एक गोल गरगरीत, हिरवागार, सोनेरी पिवळ्या काट्यांनी मढलेला गोळा तुम्ही नक्की पाहिला असेल. त्याला सगळे ‘गोल्डन बॅरल’ म्हणतात. हॉटेलांच्या दारात, बंगल्यांच्या बागेत पांढऱ्या खड्यांमध्ये बसवलेले त्याचे मोठाले गोळेही दिसतात. तर, या गोल्डन बॅरलचं दुसरं झाड कसं तयार कराल?

पान तोडून? याला पानंच नाहीत. फांदी लावून? फांद्याही नाहीत. बरेच कॅक्टस बुंध्याशी छोटी पिल्लं देतात. ती अलगद सुटी करायची, जखम चार-सहा दिवस सावलीत सुकू द्यायची आणि मग लावायची, की झालं. पण गोल्डन बॅरल पिल्लंही सहसा देत नाही. वर्षानुवर्षं एकटाच फुगत बसतो. त्याचा तुकडा कापायला जाल, तर आहे तो गोळाही हातचा जायचा.

मग नर्सरीत हे शेकड्यांनी येतात कुठून? बियांपासून! आणि त्या बिया घरी रुजवता येतात, खिडकीत, एका प्लॅस्टिकच्या डब्यात. त्यासाठी पैसे फार लागत नाहीत, जागाही फार लागत नाही. लागते ती वाट बघायची तयारी. पेरल्यापासून वर्षभरात तुमचं रोप किती मोठं होईल? साधारण वाटाण्याएवढं! आणि फूल? त्याला पंधरा-वीस वर्षं तरी धरून चाला. म्हणजे आज तुम्ही पाचवीत असाल, तर फूल येईल तेव्हा कदाचित नोकरी करत असाल.

इतकं हळू का बरं वाढत असेल हे झाड? आळशी आहे का? मुळीच नाही. ते काय काय करतं ते कळलं ना, की त्याला आळशी म्हणायची हिंमतच होणार नाही.

याचं उत्तर शोधायला आपल्याला पुन्हा पानफुटीकडेच जावं लागतं. दोनशे वर्षांपूर्वी बेंजामिन हाइन नावाचा एक जर्मन माणूस दक्षिण भारतात राहत होता. ईस्ट इंडिया कंपनीसाठी तो इथल्या वनस्पतींचा अभ्यास करायचा. त्याच्या लक्षात एक गंमत आली. पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर चांगलं आंबट लागतं, दुपारी त्याला चवच नसते, आणि संध्याकाळकडे ते जरा कडवट होतं. झाड तेच, पानं तीच, मग आंबटपणा जातो कुठे आणि रातोरात परत येतो कुठून? हाइनने हे लिहून लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. भारतातल्या एका बागेत, पानफुटीच्या पानावर, जगातल्या एका भन्नाट कोड्याला हात घातला गेला होता. मला तर हे वाचल्यापासून पानफुटीबद्दल फारच आदर वाटतो.

कोड्याचं उत्तर असं. झाडांच्या अंगावर अतिशय बारीक छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि सूर्यप्रकाशात झाड त्याची साखर बनवतं, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण दार उघडं ठेवलं की हवा आत येते तसं पाणी बाहेर जातं. आंब्याला, वडाला ते परवडतं. वाळवंटात भर दुपारी दार उघडलं, तर झाड वाळूनच जाईल. म्हणून कॅक्टसने आणि पानफुटीनेही वेळच बदलून टाकली. दिवसभर दारं बंद! रात्री ऊन गेलं, हवा गार झाली, की रंध्रं उघडायची आणि कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा. पण रात्री ऊन कुठलं? साखर करणार कशी? म्हणून तो कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवून ठेवायचा. सफरचंदाला आंबटपणा देणारं हेच आम्ल. सकाळ झाली की रंध्रं बंद करायची, आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा सोडवायचा आणि उन्हात साखर बनवायची. संध्याकाळपर्यंत साठा संपतो, म्हणून आंबटपणाही संपतो.

आता सांगा, एका रात्रीत किती आम्ल साठवता येईल? पेशींमध्ये जागा असेल तेवढंच. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या साखरेचा कच्चा माल आदल्या रात्रीच ठरून गेलेला असतो. त्यात पानं नाहीत, नुसतं गोल अंग. गोल आकाराला आतला ऐवज भरपूर आणि बाहेरची कातडी सगळ्यात कमी. पाणी वाचवायला हे उत्तमच, पण ऊन झेलायला जागाही कमीच मिळते. रोजची कमाईच थोडी, मग वाढ भराभर होणार कशी?

हाइनने पान चाखलं, पण तुम्ही मात्र चाखू नका हं. पानफुटीत पोटाला बाधणारे पदार्थ असतात. त्यापेक्षा शाळेतल्या प्रयोगशाळेतून पीएच कागदाच्या दोन पट्ट्या मागून घ्या. एक पान सूर्य उगवायच्या सुमारास तोडून ठेचा आणि रसात पट्टी बुडवा. त्याच झाडाचं तेवढंच मोठं पान दिवसभर ऊन खाऊ द्या, संध्याकाळी तोडा आणि दुसरी पट्टी बुडवा. दोन्हींचे रंग शेजारी शेजारी ठेवून बघा. सकाळची पट्टी जास्त आम्ल दाखवेल. दोनशे वर्षांपूर्वीचं कोडं तुमच्या टेबलावर!

आता आपल्या सोनेरी गोळ्याच्या गावाला जाऊ. कॅक्टस हे अमेरिका खंडांचं कुळ आहे. जवळजवळ सगळेच्या सगळे कॅक्टस मूळचे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतले. एकच जात आपणहून आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत पोचलेली आहे, तीही झाडांवर लोंबणारी आणि बिनकाट्यांची. मग आपल्या सह्याद्रीच्या कातळांवरचा त्रिधारी निवडुंग? तो कॅक्टस नाहीच. तो एरंडाच्या कुळातला. ओळखायची खूण सांगते. खऱ्या कॅक्टसचे काटे एका लोकरी ठिपक्यातून झुपक्याने निघतात. त्या ठिपक्याला ‘एरिओल’ म्हणतात. त्रिधारी निवडुंगाला असा ठिपका नसतो. पण ही खूण लांबूनच बघा, कारण त्याचा चीक डोळ्यांना फार वाईट.

गोल्डन बॅरल मूळचा मध्य मेक्सिकोतल्या केरेतारो आणि हिदाल्गो राज्यांमधला. तिथल्या नदीच्या खोल घळीत, चुनखडीच्या उभ्या उतारांवर तो वाढायचा. त्याच्या शास्त्रीय नावात ‘ग्रुसोनी’ असा शब्द आहे. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात हेरमान ग्रुसोन नावाचे एक कारखानदार होते. दिवसभर लोखंड ओतायचा कारखाना सांभाळायचे आणि कॅक्टस जमवायचे! त्यांचा संग्रह इतका मोठा होता, की या नव्या झाडाला त्यांचंच नाव दिलं गेलं. १८९५ मध्ये ते वारले, त्यांचा संग्रह शहराला मिळाला, आणि त्यांच्या नावाची काचघरं माग्डेबुर्गमध्ये आजही लोकांना बघता येतात.

पुढची गोष्ट मात्र वाईट आहे. १९९० च्या दशकात त्या मेक्सिकोतल्या नदीवर सिमापान नावाचं धरण झालं. घळीत पाणी भरलं आणि गोल्डन बॅरलचं केवढंतरी रान पाण्याखाली गेलं. त्याआधीही लोक डोंगरातून गोळे उपटून विकतच होते. त्यामुळे आज अशी विचित्र परिस्थिती आहे, की जगभरच्या बागांमध्ये आणि नर्सऱ्यांमध्ये हा कॅक्टस सगळीकडे दिसतो, पण त्याच्या स्वतःच्या डोंगरात तो दुर्मीळ आहे. नामशेष होण्याचा धोका असलेल्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

आणि म्हणूनच बी महत्त्वाचं, बरं का. बियांपासून रोपं होतात म्हणूनच नर्सरीवाल्यांना डोंगरावर जाऊन झाड उपटावं लागत नाही. घरी रुजवलेलं एकेक रोप म्हणजे डोंगरातून न उपटलेलं एकेक झाड. हळू वाढणाऱ्या झाडांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे, कारण डोंगरातला मोठा गोळा एकदा काढला, की तिथे तेवढा दुसरा व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

चला, पेरायला घेऊ. वेळ निवडा होळीच्या सुमाराची. थंडी सरलेली असते, पावसाळा लांब असतो. या बियांना रुजायला वीस ते तीस अंश सेल्सिअसची ऊब आवडते. बी विकत घेताना ताजं घ्या आणि ते रोपवाटिकेत वाढवलेल्या झाडांचंच आहे ना, ते विचारून घ्या. हातात घेऊन बघा, जेमतेम एक मिलिमीटरचं, काळपट. शिंकलात तर संपलं!

माती आपल्या नेहमीच्या कुंडीतली चालणार नाही. काळी माती तर नकोच, ती पाणी धरून ठेवते. चाळलेली भरड वाळू किंवा बारीक खडी जास्त, कोकोपीट कमी, मिळालं तर थोडं परलाइट. शेणखत अजिबात नको, त्यातून बुरशी येते. हे मिश्रण छोट्या कुंडीत भरा आणि आई-बाबांना त्यावर उकळतं पाणी ओतायला सांगा. मातीत लपलेली बुरशी आणि किडे त्याने बरेचसे मरतात. हे काम मोठ्यांचंच. माती पूर्ण गार होऊ द्या आणि जास्तीचं पाणी निथळू द्या.

आता बिया वर नुसत्या शिंपडा. झाकू नका! आपण मेथी पेरताना वर मातीचा थर देतो, तसं इथे करायचं नाही. या बियांना रुजायला उजेड लागतो, आणि इतक्या छोट्या बीमध्ये मातीचा जाड थर फोडून वर यायची ताकदही नसते. कुंडी झाकणाच्या पारदर्शक डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि बंद करा. आतल्या ओलीचं बाष्प होतं, झाकणाला थेंब धरतात, ते परत खाली पडतात. रोज पाणी घालायची भानगडच नाही. डबा भरपूर उजेडाच्या खिडकीत ठेवा, पण थेट उन्हात नको, नाहीतर आत भट्टी होईल.

आठवडा ते तीन आठवडे. एके दिवशी भिंग घेऊन बघाल तर वाळूवर हिरवे मणी! यात निरखण्यासारखं खूप आहे, म्हणून भिंग जवळच ठेवा. मटकीला, मुगाला रुजताना दोन दळं दिसतात ना, तशी कॅक्टसलाही दोन बीजपत्रं असतात. पण इथे ती इतकी आखडलेली असतात, की मण्याच्या डोक्यावर दोन उंचवटे तेवढे दिसतात. मग त्या दोन उंचवट्यांच्या मधून पहिले काटे येतात. ते टोचत नाहीत! मऊ, पातळ, जवळजवळ पारदर्शक. काटा म्हणजे खरं तर पानाचंच बदललेलं रूप, आणि तुम्ही ते पहिल्यांदा उगवताना बघत असता.

आणखी एक गंमत. मोठ्या गोल्डन बॅरलला वरपासून खालपर्यंत उभ्या कडा असतात, तुम्ही पाहिल्या असतील. पाणी मिळालं की त्या बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात आणि गोळा फुगतो. पाणी संपत आलं की मिटतात. कातडी फाटत नाही, चुरगळत नाही. पण तुमच्या बाळरोपाला या कडा शोधून सापडणार नाहीत. त्याच्या अंगावर सुटी सुटी फुगीर टेंगळं असतात आणि प्रत्येक टेंगळावर काट्यांचा एक झुपका. काही वर्षांनी ही टेंगळं एकमेकांना जोडली जाऊन कडा तयार होतात. लहानपणीचं आणि मोठेपणीचं रूप इतकं वेगळं, की शेजारी ठेवले तर दोन निराळ्या जाती वाटाव्यात.

काटे दिसायला लागले, रोपं थोडी भरली, की झाकणाला एक भोक पाडा. काही दिवसांनी आणखी दोन. अशी हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावायची. एकदम झाकण काढलं तर रोपं सुकतात. पाणी वरून ओतू नका, रोपं उलटीपालटी होतात. थाळीत पाणी घेऊन कुंडी त्यात ठेवा, माती खालून पाणी ओढून घेईल. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर धरतो, त्यापेक्षा पावसाचं साठवलेलं पाणी चांगलं. रोपं लांबुडकी, फिकट व्हायला लागली तर त्यांना उजेड कमी पडतोय. तांबूस झाली तर ऊन जास्त होतंय. झाड बोलत नाही असं कोण म्हणतं?

काही रोपं मरतील. एखादं बुडाशी पाणचट होऊन आडवं पडतं. ती कूज असते, बुरशीमुळे येते, आणि शेजारच्या रोपांकडे पसरते. तसं रोप चिमट्याने उचलून टाका आणि झाकण थोडं जास्त उघडा. म्हणूनच पाच नाही, वीस-पंचवीस बिया पेरायच्या. डोंगरात तर याहून कितीतरी जास्त मरतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात सग्वारो नावाचा महाकाय कॅक्टस आहे, चार मजली इमारतीएवढा उंच होणारा. त्याचं बाळ पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतं, आणि तेही दुसऱ्या एखाद्या झाडाच्या सावलीचा आसरा मिळाला तर. तुमच्या डब्यातली रोपं त्या मानाने फारच सुखात आहेत.

आता कुणीतरी विचारणारच, की भराभर वाढवायची काही युक्ती नाही का? आहे! कोकणात हापूसची कलमं कशी करतात ठाऊक आहे ना? रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. कॅक्टसचंही तसंच कलम होतं. खुंट घ्यायचा दणकट, जोमाने वाढणाऱ्या कॅक्टसचा. असा एक कॅक्टस आपल्या सांगली-सोलापूरकडे शेतात लावतात: ड्रॅगन फ्रूट! हो, ड्रॅगन फ्रूट कॅक्टसच आहे. त्याच्या तिधारी खोडाचा तुकडा आडवा कापला, की मधोमध एक फिकट वर्तुळ दिसतं. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचं ते कडं. छोट्या गोळ्याच्या बुडालाही असंच कडं असतं. दोन कडी निदान एका जागी तरी एकमेकांवर यायला हवीत, तरच पाणी वर चढतं. मग रबर बँडने दोन्ही हलकेच बांधून ठेवायचे. धारदार पातं लागतं, म्हणून हे काम जाणत्या माणसाने करायचं आणि तुम्ही शेजारी उभं राहून बघायचं. जुळलं तर बाळगोळा खुंटाच्या जोरावर कितीतरी वेगाने वाढतो.

नर्सरीत हिरव्या दांड्यावर बसलेला लालभडक किंवा पिवळा गोळा दिसतो ना, ते असंच कलम असतं. १९४१ च्या सुमारास जपानमध्ये एजी वातानाबे यांना एका कॅक्टसच्या रोपांमध्ये काही लालसर रोपं दिसली. त्यांच्यापासून पुढे पूर्ण लाल गोळे तयार झाले. पूर्ण लाल म्हणजे हरितद्रव्यच नाही, म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः बनवता येत नाही. जमिनीत लावला तर उपाशी मरेल. खालच्या हिरव्या खुंटाने अन्न पुरवलं तरच तो जगतो, आणि खुंट गेला की तोही जातो.

मला विचाराल तर गोल्डन बॅरलचं कलम करायची घाई करू नये. कलम हा सुंदर शोध आहे आणि दुर्मीळ किंवा आजारी रोप वाचवायला त्याचा फार उपयोग होतो. पण धडधाकट बी असताना त्याला स्वतःच्या मुळांवर, स्वतःच्या चालीने वाढू द्यावं. त्या चालीनेच तो पक्का, गोल आणि घट्ट काट्यांचा होतो.

आपल्याकडे त्याचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. मेक्सिकोत पाऊस येतो, पण चुनखडीच्या उतारावरून वाहून जातो. आपल्याकडे, त्यातही मुंबई-कोकणात, महिनोनमहिने हवाच ओली. म्हणून जूनपासून कुंडी छपराखाली न्या, वारा खेळेल अशी ठेवा, आणि रोप वर्षाहून मोठं असेल तर माती पूर्ण सुकल्याशिवाय पाण्याचा थेंब देऊ नका. तहानेने कॅक्टस क्वचितच मरतो. लाडाने घातलेल्या पाण्याने मात्र हमखास कुजतो. वर्षाची रोपं झाली की चमच्याने अलगद उचलून जरा मोठ्या पसरट कुंडीत लावा, तीन-चार एकत्र चालतात. उन्हाची सवयही तेव्हाच, सकाळच्या कोवळ्या उन्हापासून लावायची.

पेराल त्या दिवशी कुंडीवर पक्क्या शाईने तारीख लिहून ठेवा. वर्ष विसरू नका, पुढे तेच उपयोगी पडणार आहे. दर महिन्याला एकदा पट्टी धरून रुंदी मोजा, वहीत लिहा, जमलं तर शेजारी चित्र काढा. आणि पहिले काटे दिसले की आम्हाला पत्र लिहून नक्की कळवा. फुलाची वाट बघत थांबू नका!